भारदस्त चेहरा

मे महिन्यापर्यंत अर्लीन कोस्केलाचं पारडं जड होतं, हे तिचे विरोधकही मान्य करत. मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या त्या मुलखातून वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला जाणारा म्हातारा खासदार एकदाचा निवृत्त झाला होता. त्याच्या जागेवर पक्षातर्फे कोणी उभं राहायचं, हे ऑगस्टमध्ये पक्षाचे मतदारच मतपेटीतून ठरवणार होते. इच्छुक बरेच होते, पण बर्फ वितळेपर्यंत खरी झुंज दोघांतच उरली, अर्लीन आणि क्ले ब्रॅटलंड यांच्यात.

अर्लीन काउंटीची, म्हणजे त्या जिल्ह्याची, नर्स. तीस वर्षं घरोघर हिंडून तिने त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुतल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांना औषध वेळेवर घेत नाहीत म्हणून झापलं होतं. पुढे नोकरी सांभाळूनच ती काउंटीच्या बोर्डावर निवडून आली. बजेटच्या बैठकीतही ती म्हाताऱ्यांशी बोलावं तसंच बोलायची, आणि ते लोकांना आवडायचं. क्ले राज्याच्या सिनेटमध्ये होता. त्याआधी शाळेत हॉकीचा कोच. गडगडाटी हसणारा, भेटेल त्याच्या पाठीवर अशी थाप मारणारा की समोरच्याची कॉफी सांडलीच पाहिजे. लोक म्हणायचे, "क्ले म्हणजे माणूस लाखमोलाचा, पण वॉशिंग्टनला पाठवायचं म्हणजे जरा उथळच."

जूनमध्ये वारं फिरलं. क्ले बदलला. सभेत विनोद करेनासा झाला. आवाज खाली आणून बोलू लागला, इतका खाली की मागच्या रांगेतले लोक खुर्च्या पुढे ओढून घेत. कुणी वेडावाकडा प्रश्न विचारला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. डुलुथच्या वर्तमानपत्राने लिहिलं, 'ब्रॅटलंड यांना अखेर वजन आलं.' लगेच आलेल्या जनमत चाचणीत तो अर्लीनच्या बरोबरीला आला, आणि त्यानंतरच्या चाचणीत तिच्या पुढे गेला.

"शिकवलंय कुणीतरी," व्हर्न झुपान म्हणाला. व्हर्न खाणकामगारांच्या युनियनचा जुना पुढारी. आता अर्लीनचा सगळा प्रचार तोच सांभाळत होता. बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात त्यांनी कचेरी थाटली होती. सिगारेट सोडल्यापासून त्याच्या तोंडात सदा दात कोरायची काडी असे. "पैसे देऊन मोठ्या शहरातून माणूस आणलाय. पैज लाव. नाहीतर हा क्ले, ज्याने माझ्या बापाच्या मयतीत विनोद सांगितला होता, तो असा पाद्र्यासारखा बसेल?"

"तो विनोद चांगला होता," अर्लीन म्हणाली.

"होता. म्हणूनच म्हणतो." त्याने कॉम्प्युटरवर डुलुथच्या वादसभेचं चित्रण लावलं. "आवाज बंद कर. याचं बोलणं नको मला, याचं बसणं बघू. म्हणजे पुढच्या वेळी तुलाही तसंच बसायला शिकवतो."

आवाज बंद झाला आणि पडद्यावर नुसता क्ले उरला. शेजारी अर्लीन हातवारे करून काही सांगत होती आणि क्ले ऐकत होता. त्याचा उजवा हात मांडीवर ठेवला होता तिथेच होता. पापणी लवत नव्हती म्हटलं तरी चाललं असतं. सभागृह हसलं, माणसं हलली, पण क्लेचा चेहरा रंगाचा हात फिरवलेल्या भिंतीसारखा सपाट राहिला. मग काही लिहून घ्यायला त्याने पेन उचललं, आणि ते उचलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

अर्लीनने खुर्चीच्या हाताला धरलं.

तिचा नवरा रूडी असाच बसायचा, सकाळी, ओटमीलच्या वाडग्यासमोर. कंपवात म्हणजे हात थरथरणारच अशी लोकांची समजूत असते. रूडीचा हात सुरुवातीला थरथरलाच नव्हता. आधी त्याचं हसू गेलं. मग वास कळेनासा झाला, अक्षर मुंगीएवढं झालं, आवाज घशात राहू लागला. डॉक्टरने पार्किन्सनचं नाव घेईपर्यंत दीड वर्ष अर्लीनला एकच वाटत होतं, की या माणसाचं आपल्यावरचं मन उडालं. दुसऱ्यांच्या घरात जे तिला दारातूनच दिसलं असतं ते स्वतःच्या घरात दिसलं नाही. तिथे तिला फक्त एक घुमा नवरा दिसत होता. त्या दीड वर्षात ती त्याच्याशी भांडली होती, अबोला धरला होता, एकदा तर बहिणीकडे निघून गेली होती. रूडीला जाऊन सहा वर्षं झाली तरी ते दीड वर्ष काही जात नव्हतं.

पण दुकानात, त्या पडद्यासमोर, तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते यातलं काहीच नव्हतं. पहिल्यांदा आलं, 'म्हणजे मी जिंकते.' ते इतकं झटकन आणि इतकं आनंदाने आलं की तिला स्वतःचीच किळस वाटली.

"काय गं?" व्हर्नने विचारलं. "पांढरी पडलीस."

"काही नाही. डोळे दुखतायत. बंद कर ते."

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तिची उरलीसुरली शंका फिटली. त्यांच्या गावच्या, टॅमरॅक फॉल्सच्या, मुख्य रस्त्यावर अग्निशमनाचे बंब, शाळेचा बँड, म्हाताऱ्या सैनिकांची जीप आणि त्यामागे दोन्ही उमेदवार, असा दरसालचा थाट होता. उमेदवारांनी चालता चालता पोरांना गोळ्या-चॉकलेटं फेकायची असतात. क्ले डाव्या हाताने फेकत होता. जन्मभर उजव्या हाताने हॉकीची काठी चालवलेला माणूस! त्याचा उजवा हात चालताना पुढेमागे होत नव्हता, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा अंगाला चिकटून होता. रस्त्याच्या कडेने लोक म्हणत होते, "बघा, काय चाल आहे! आतापासूनच खासदार."

मिरवणूक संपल्यावर चर्चच्या बायकांच्या टेबलापाशी लिंबू सरबताला गर्दी झाली. सरबत ओतायला क्लेची बायको लोर्ना होती. अर्लीन आणि लोर्ना एकाच शाळेत शिकलेल्या. जिवलग नव्हे, पण गेल्या चाळीस वर्षांत एकमेकींच्या घरच्या सगळ्या लग्नांना आणि मयतांना आलेल्या.

"घे, थंड आहे," लोर्ना म्हणाली. "घसा बसलाय तुझा. आणि माझ्याकडून सरबत घेताना फोटो निघाला तर तुझा तो व्हर्न बोंबलेल, तेव्हा इकडे मागे ये."

दोघी टेबलामागच्या मेपलखाली उभ्या राहिल्या. लोर्नाने स्वतःसाठीही एक पेला भरला, पण प्यायली नाही.

"तुझा राग नाही गं मला," ती म्हणाली. "पण हे राजकारण मेलं जळो. माझा नवरा खाल्ला त्याने. घरी येतो आणि माझ्याकडे असा बघतो, जशी मी मतदार आहे."

अर्लीन सरबताचा घोट प्यायली.

"परवा नातीने काहीतरी मजेशीर म्हटलं. सगळं टेबल हसून हसून लोळलं आणि हा दगडासारखा! पोरगी विचारते, आजोबा माझ्यावर चिडलेत का? मी म्हटलं, नाही गं बाळे, माझ्यावर चिडलेत. तेव्हा हसण्यावारी नेलं, पण खरंच वाटतं तसं. अडतीस वर्षांचा संसार, अर्लीन. विचारलं तर म्हणतो 'काही नाही', आणि तेही असं तोंडातल्या तोंडात पुटपुटतो की मलाच खोटं वाटावं."

अर्लीनच्या हातातला कागदी पेला चेपला आणि सरबत मनगटावर सांडलं. बोलायची वेळ हीच होती. पण दहा पावलांवर बँडची पोरं उभी होती, तिच्या छातीवर स्वतःच्या नावाचा बिल्ला होता, आणि लोर्नाच्या छातीवर नवऱ्याच्या नावाचा. "ऊन फार आहे," एवढंच ती म्हणाली, आणि पुढचा आठवडा तिने स्वतःला शिव्या देण्यात घालवला.

त्या आठवड्यात तिने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. आपण त्याच्या डॉक्टर नाही, नर्स नाही. तपासल्याशिवाय कुणाच्या आजाराचं नाव घ्यायचं नसतं. शिवाय आपण त्याच्याच विरुद्ध उभ्या आहोत, म्हणजे खरं बोललो तरी ते तोंडातून निघता निघता घाण होणार. गप्प बसणं हेच सभ्यपणाचं, असं तिने ठरवलं. आणि मग तिच्या डोळ्यांपुढे लोर्ना नाही, रूडी आला, वाडग्यासमोर बसलेला, बायको का चिडलीय ते न कळून बघत राहिलेला. सोमवारी ती बिल्ला काढून गाडीत ठेवून लोर्नाच्या दुकानात गेली.

लोर्ना गोधड्यांचं कापड विकायची. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. अर्लीनने फार घोळवलं नाही. रूडीचं सांगितलं, त्या दीड वर्षाचं सांगितलं, जे तिने सख्ख्या बहिणीलाही धड सांगितलं नव्हतं. मग क्लेचा हात, चेहरा, आवाज.

"मी चुकतही असेन," ती म्हणाली. "देव करो आणि चुकत असेन. पण त्याला डॉक्टरकडे ने. आणि लोर्ना, तो तुझ्यावर चिडलेला नाहीये."

लोर्ना कात्री हातात धरून ऐकत होती. तिने ती टेबलावर ठेवली.

"किती टक्क्यांनी मागे आहेस गं तू?"

"लोर्ना..."

"चार ना? की पाच? मिरवणुकीत मी तुझ्यापाशी रडले. रडले, आणि तू त्याचं हे बनवून आणलंस." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "तुझ्या मेलेल्या नवऱ्यालाही कामाला लावलंस. जा तू. दार लोटून घे."

अर्लीनने दार लोटून घेतलं आणि गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कचेरीत पोचली तेव्हा व्हर्न काडी चावून तिचा भुगा करत होता.

"क्लेच्या माणसाचा फोन होता," तो म्हणाला. "तुमची बाई आमच्या माणसाला आजारी ठरवत फिरते, आवरा तिला, नाहीतर आम्ही पेपरात जातो, म्हणाला. मी म्हटलं, गाढवा, आमची बाई असलं काही करत नाही. आता तू सांग, मी खोटं बोललो का खरं?"

तिने सगळं सांगितलं. व्हर्न खुर्चीवर बसला.

"तुला खात्री आहे?"

"नर्स म्हणून विचारलंस तर नाही. मनातलं विचारलंस तर हो."

"आणि हे तू त्याच्या बायकोला सांगितलंस, मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खाणपट्ट्यात झालं असतं."

"झालंच पाहिजे!" व्हर्नने टेबलावर हात आपटला. "अर्लीन, हा माणूस काही चर्चची तिजोरी सांभाळायला चाललेला नाही. देशाचे कायदे करायला चाललाय. लोक ज्याला मत देणार त्याची तब्येत त्यांना कळायला नको? हा हक्क आहे लोकांचा. यात घाण काय आहे?"

"हक्क आहे," ती म्हणाली. "पण ते त्याने सांगायचं. मी सांगितलं तर ती बातमी राहत नाही, वार होतो. आणि उद्या चुकीचं निघालं तर?"

"मग बायकोला तरी कोणत्या नात्याने सांगितलंस? नर्स म्हणून नाही, उमेदवार म्हणून नाही..."

"बायको म्हणूनच, व्हर्न."

व्हर्नने तोंडातली काडी कचऱ्यात फेकली. "चार टक्के," तो दार उघडत म्हणाला. "नुसते चार टक्के. आणि आपल्या खिशात एक्का असून आपण दुर्री खेळतोय." तरी तो बाहेर कुणाशी काही बोलला नाही. तिने तसं वचन मागितलंही नव्हतं.

क्लेची माणसं मात्र गप्प बसली नाहीत. पेपरात नाही गेली, पण कॅफेत, केशकर्तनालयात, तळ्याकाठच्या धक्क्यांवर कुजबूज सुरू झाली, की कोस्केलाबाई हरायला लागल्यात म्हणून क्लेबद्दल काहीबाही पसरवतायत. काय पसरवतायत ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे जो तो आपापल्या परीने भर घालत होता. एका म्हाताऱ्याने, ज्याचं मधुमेहाने काळं पडलेलं पाऊल तिने वाचवलं होतं, तिच्याकडे बघून मान फिरवली. ते तिला सगळ्यात लागलं.

जुलै सरता सरता एका संध्याकाळी ती परसात ऱ्हुबार्बचे आंबट दांडे कापत असताना क्लेचा ट्रक दारात येऊन थांबला. उन्हं अजून तळ्यावर होती. तो एकटाच होता. ट्रकमधून उतरताना त्याने दाराला धरलं ते तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

"कॉफी?" ती म्हणाली.

"दे. वास येत नाही, पण गरम लागते."

दोघं मागच्या पायरीवर बसले. डास घोंगावत होते.

"डुलुथच्या डॉक्टरने बघितलं," क्ले म्हणाला. "आणखी एकदा तपासायचं म्हणतो, पण त्याला शंका नाही. लोर्नाने बळंच नेलं. तुझ्यावर चिडून नेलं, खरं तर. तुला खोटं पाडायला." त्याने कॉफीचा घोट घेतला. "परत येताना रस्ताभर रडली. मला वाटलं आजाराचं रडतेय. तर म्हणते, म्हणजे तू माझ्यावर चिडला नव्हतास? मी म्हटलं, अगं, मी तर समजत होतो तूच चिडलीयेस!"

अर्लीनने कप दोन्ही हातांत धरला.

"एक सांग," क्ले म्हणाला. "आधी लोर्नाला का सांगितलंस? आजारी मी. मला का नाही?"

"तुला अजून काही दुखत नव्हतं. तिला दुखत होतं."

त्याने मान हलवली. तळ्यावर कुणाची तरी बोट चालली होती, तिच्याकडे दोघं बघत राहिले.

"माझी माणसं म्हणतात, ऑगस्ट जाऊ दे, मग बघू. डॉक्टर म्हणतो अजून बरीच वर्षं मी कामाचा आहे. मग सांगायचं कशाला?"

"मला विचारतोस?"

"इथे दुसरं कोण आहे?"

"सांग. मतदानाच्या आधी सांग."

"सांगितलं तर मी हरतो."

"कदाचित."

"आणि तू जिंकतेस."

"कदाचित."

"मग तुझा सल्ला मी घ्यायचा कसा, अर्लीन?"

"तेच तर," ती म्हणाली. "नकोच घेऊस. लोर्नाला विचार."

"आणि मी नाहीच सांगितलं तर तू सांगशील?"

"नाही."

"खरंच नाही?"

"नाही. पण माझं मत तुला मिळणार नाही."

"ते तसंही कुठे मिळणार होतं?" तो म्हणाला, आणि हसला. गळ्यातून बारीक आवाज आला, खांदे हलले, चेहरा होता तसाच राहिला. शेजारून जाणाऱ्याला वाटलं असतं हा माणूस खोकतोय. पण तो हसत होता हे अर्लीनला कळलं, आणि तीही हसली. रूडीबरोबर हे तिला फार उशिरा जमलं होतं.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी अग्निशमनवाल्यांचं, मांडव घालून, तळलेल्या माशांचं जेवण होतं. वॉलाय मासा, कोबीची कोशिंबीर, पोतित्सा या गोड पावाचे अक्रोड भरलेले तुकडे, आणि जेवताजेवता दोन्ही उमेदवारांची दोनदोन मिनिटं. अर्लीन आपलं बोलून बसली. मग क्ले उठला. लोर्नाही त्याच्याबरोबर उठली तसा त्याचा प्रचारप्रमुख घाईघाईने पुढे सरकला. लोर्नाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो होता तिथेच थबकला.

"तुम्ही म्हणता क्लेला वजन आलं, चेहरा भारदस्त झाला," क्ले म्हणाला. माईक तोंडाला लावूनही ऐकायला माना पुढे कराव्या लागत होत्या. "मलाही बरं वाटायचं. पण मंडळी, हा चेहरा भारदस्त नाहीये. आजारी आहे. तुम्ही ज्याला गांभीर्य म्हणत होता त्याला डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. आतून मी तोच आहे. मघापासून मी तुमच्या सगळ्यांकडे बघून हसतोय. दिसत नाहीये, एवढंच."

मांडवात क्षणभर फक्त तेलाची चुरचुर ऐकू आली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग विनोद सांग की एखादा!" क्लेने सांगितला. व्हर्नच्या बापाच्या मयतीतलाच. तो त्याने अगदी कोऱ्या चेहऱ्याने सांगितला, आणि म्हणूनच की काय, मांडव अर्धा हसत होता आणि अर्धा डोळे पुसत होता. अर्लीनचं नाव त्याने घेतलं नाही.

"संपला," गाडीत बसल्यावर व्हर्न म्हणाला. तो स्वतः हसून हसून लाल झाला होता, पण हिशेब हिशेबाच्या जागी. "वाईट वाटतं मला त्याचं. पण संपला. आजारी माणसाला कोण पाठवतं वॉशिंग्टनला? बाई, सामान बांधायला घे." मग जरा वेळाने, "तुझं नाव घ्यायला काय झालं होतं त्याला? महिनाभर तुझ्या नावाने कुजबूज चाललीय, एका वाक्यात मिटली असती."

अर्लीन खिडकीबाहेर बघत होती. "हो," ती म्हणाली. "मिटली असती."

शनिवारी आणि रविवारी तिला दारोदार तेच ऐकू आलं. कुणाच्या भावाला तो आजार होता, कुणाच्या आईला, कुणाला दुसरंच काही होतं जे त्याने नोकरी जाईल म्हणून लपवलं होतं. लोक तिच्याशी नीट बोलत होते, पण बोलता बोलता क्लेकडे वळत होते. "किती धीराचा माणूस," असं ते तिलाच सांगत. एक बाई म्हणाली, "आणि तुम्ही लोक त्याच्याबद्दल कायकाय बोलत होता!" अर्लीनने तिला काहीच सांगितलं नाही. सांगायला जाणं म्हणजे त्या धीरावर आपलाही हक्क सांगणं, आणि ते तिच्या जिभेवर येईना.

मंगळवारी क्ले जिंकला. अगदी दणक्यात नाही, पण वाद घालायला जागा राहू नये इतक्या मतांनी. बुटांच्या दुकानात मांस भरलेल्या पॅस्टी आणि बिअर मांडून ठेवली होती. लोक ती हळूहळू, पाहुण्यांच्या घरी खावी तशी खात होते.

"बघ," व्हर्न म्हणाला. "तूच 'सांग' म्हणालीस, त्याने सांगितलं, आणि त्यामुळेच तो जिंकला. माझ्या सगळ्या आयुष्यात असा मूर्खपणा मी पाहिला नाही." मग त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "आणि तरी मला तुझी लाज वाटत नाहीये. हे काय आहे मला कळत नाही."

तिने क्लेला फोन केला, रीतीप्रमाणे अभिनंदन केलं. तिकडचा गोंगाट एकदम कमी झाला. तो दुसऱ्या खोलीत गेला असावा.

"शुक्रवारी मला तुझं नाव घ्यायचं होतं," तो म्हणाला. "माझी माणसं म्हणाली, नको, मतं जातील. मी ऐकलं त्यांचं. चुकलो मी."

"हो क्ले," अर्लीन म्हणाली. "चुकलास."

"नोव्हेंबरला दुसऱ्या पक्षाशी खरी निवडणूक आहे. माझ्यासाठी फिरशील?"

"फिरेन. पण आज विचारू नकोस."

मग लोर्ना फोनवर आली. कापडाच्या दुकानातल्या त्या बोलण्याबद्दल ती काहीतरी बोलायला गेली, तिला जमलं नाही, आणि मग तिने भलतंच विचारलं. "रात्री त्याला कूस बदलता येत नाही गं. रूडीचं कसं करायचीस?"

"सॅटिनचा पलंगपोस घाल," अर्लीन म्हणाली. "आणि पायजमाही गुळगुळीत. सरकायला सोपं जातं. तुझ्याकडे कापडाला काय तोटा?"

लोर्ना हसली की रडली ते फोनवर कळलं नाही.

बोलणं संपल्यावर अर्लीन दुकानाच्या काचेसमोर उभी राहिली. या लोकांनी आधी हसरा क्ले उथळ म्हणून बाजूला ठेवला, मग आजाराने आखडलेला चेहरा बघून त्याला मोठा माणूस ठरवलं, आणि तो चेहरा खोटा आहे असं त्यानेच सांगितल्यावर त्याला निवडून दिलं. हे शहाणपण की वेडेपणा, तिला ठरवता येईना. आपण हरलो कशाने, कुजबुजीने, त्याच्या खरेपणाने, की आपल्यातच काही कमी होतं, तेही ठरवता येईना. त्या पहिल्या दिवशी पडद्यासमोर आलेला तो आनंदी विचार मात्र तिला आठवत होता. त्याला आपण हात लावला नाही, एवढं एक तिच्या हातात होतं. ते पुरेसं वाटत होतं असं नाही.

पुढच्या सोमवारी ती प्रचारासाठी घेतलेली रजा संपवून कामावर गेली. पहिलंच घर सेनिया लाहतीचं. नव्वदीला टेकलेली, पायाची जखम वर्षभर न भरलेली, पण तोंड तिखट.

"आलीस का पोरी?" सेनिया म्हणाली. "आधीच सांगते, मी तुला मत दिलं नाही."

अर्लीन गुडघ्यावर बसून पट्टी सोडत होती. "का हो सेनिया? मी काय वाईट केलं तुमचं?"

"तू वॉशिंग्टनला गेलीस तर हा पाय कोण बघणार? तुझ्या बदली ती दुसरी येत होती ना, ती पट्टी अशी आवळते जसं बोकडाला बांधतेय. शेजारच्या आइनोलाही सांगितलं, अर्लीनला मत देऊ नकोस, आपली गैरसोय होईल. तिने तिच्या बहिणीला सांगितलं."

"म्हणजे तुम्ही सगळ्या बायकांनी मिळून मला पाडलंत."

"पाडलं कुठे? ठेवून घेतलं."

अर्लीनला हसू आलं. तिने मान खाली घालून जखम धुतली. कडेने नवं गुलाबी कातडं धरू लागलं होतं, वर्षभरात पहिल्यांदाच.

"भरतेय," ती म्हणाली.

"भरेल नाहीतर काय," सेनिया म्हणाली. "कॉफी घेऊन जा. आणि बस जरा. एवढी काय घाई आहे तुला आता?"

अर्लीन बसली.